कंबरदुखी, फिजिओथेरपी आणि पिलाटेस : कोणाला चालतं, कोणाला नाही

गोदाकाठ
इथल्या दुसऱ्या एका कंबरदुखीच्या धाग्यावर पिलाटेसचा, म्हणजे श्वासाबरोबर सावकाश, ताब्यात ठेवून हालचाली करायच्या व्यायामपद्धतीचा विषय निघाला आणि "हे हिरॉइनींचं फॅड आहे" विरुद्ध "माझी कंबर यानेच बरी झाली" असं सुरू होऊन ते कोणाला चालतं, कोणाला नाही हा मूळ प्रश्न बाजूलाच राहिला, म्हणून वेगळा धागा काढतेय. मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकला प्रॅक्टिस करते, जुनाट कंबरदुखीच्या पेशंटना व्यायाम शिकवताना पिलाटेस भरपूर वापरते. का वापरते, कसं वापरते आणि कुठे अजिबात वापरत नाही ते लिहिते, प्रश्न असतील तर विचारा.

फिजिओकडे जायचं म्हणजे शेक घ्यायचा, मशीन लावून पडून राहायचं, ट्रॅक्शन (वजन लावून कंबर ताणणं) घ्यायचं, हे आपल्याकडे डोक्यात अगदी पक्कं बसलंय. त्याने बरं वाटतं, नाही असं नाही, पण तीन महिन्यांपेक्षा जुनं दुखणं असेल तर पेशंट स्वतः काय करतो त्यावरच पुढचं सगळं अवलंबून असतं. आणि माझ्याकडे येणाऱ्या माणसाला वेदनेइतकाच त्रास भीतीचा असतो. कधीतरी उसण भरलेली असते, तेव्हा कोणीतरी "आता आयुष्यात वाकायचं नाही" सांगितलेलं असतं, मग ती बाई खाली पडलेला चमचा उचलायला मुलाला हाक मारते, पट्टा बांधल्याशिवाय ओट्यापाशी उभी राहत नाही, उठताना श्वास धरून ठेवते, पूर्ण पाठ लाकडासारखी कडक. अशा बाईला "चला, वाका" म्हटलं तर ती दुसऱ्या दिवशी येणारच नाही.

इथे पिलाटेस कामाला येतं, कारण त्यातली प्रत्येक हालचाल तोडून तोडून लहान करता येते. उताणं झोपायचं, गुडघे दुमडलेले, हात बरगड्यांवर, श्वास घेताना बरगड्या बाजूला फुलतायत का बघायचं. एवढंच. पहिल्या दिवशी बऱ्याच जणांच्या बाबतीत इथेच थांबतो आम्ही, कारण श्वास सुटला की पाठीची पकड सुटायला लागते. मग कंबर जमिनीला हलकेच टेकवायची, परत सोडायची. मग श्वास सोडत ढुंगण उचलून एकेक मणका वर न्यायचा आणि तसाच एकेक खाली आणायचा, याला ब्रिज म्हणतात. मग कुशीवर झोपून गुडघा उघडणं, मग हातापायांवर ओणवं होऊन एक हात आणि विरुद्ध पाय लांब करणं. लक्षात घ्या, ओणवं होऊन पाठ गोल केली की ती बाई वाकलेलीच असते, फक्त तिला ते कळलेलं नसतं. मी त्या क्षणी सांगते तिला, की ताई, तुमची कंबर आत्ता वाकली आणि काहीही झालं नाही. त्यानंतर उभ्याने, मग खुर्चीतून उठताना, मग रिकामी बादली, मग भरलेली. बादलीपर्यंत पोचलं नाही तर माझ्या मते तो उपचार अर्धवट आहे, चटईवर किती सुंदर ब्रिज येतो त्याला काही अर्थ नाही.

कोथरूडकर_नि
छान लिहिताय. हे मुळात आलं कुठून? आमच्या इथल्या स्टुडिओत सांगतात की हे सैनिकांसाठी बनवलेलं होतं.

गोदाकाठ
निव्वळ सैनिकांसाठी असं नाही. जोसेफ पिलाटेस १८८३ मध्ये जर्मनीत मोन्शनग्लाडबाखला जन्मला, लहानपणी दमा, मुडदूस आणि संधिवाताचा ताप असं सगळं झालेलं अशक्त पोर, त्यातून त्याला शरीर कमावायचं वेड लागलं. पहिल्या महायुद्धाच्या आधी तो इंग्लंडला गेला आणि युद्ध सुरू झाल्यावर जर्मन म्हणून पकडून त्याला छावणीत ठेवलं, नंतर आइल ऑफ मॅनवरच्या नॉकालो छावणीत हलवलं. तिथल्या बाकीच्या बंदिवानांकडून तो व्यायाम करून घ्यायचा. अंथरुणाला खिळलेल्या लोकांच्या पलंगाला स्प्रिंगा बांधून त्याने हातापायांचे व्यायाम करून घेतले आणि त्यातून पुढची यंत्रं सुचली असंही सांगतात. १९२६ मध्ये तो न्यूयॉर्कला गेला, क्लारा ही त्याची जोडीदार, दोघांनी एट्थ अव्हेन्यूवर स्टुडिओ चालवला आणि जॉर्ज बॅलँचिन, मार्था ग्रॅहम अशा मोठमोठ्या नृत्यवाल्यांकडची जखमी मंडळी तिथे यायला लागली. तो स्वतः याला कंट्रोलॉजी म्हणायचा. १९४५ च्या त्याच्या पुस्तकात जमिनीवरचे ३४ व्यायाम आहेत, पण त्यातले बरेचसे धडधाकट माणसासाठी आहेत, कंबर धरलेल्या माणसाला ते जसेच्या तसे देता येत नाहीत. फिजिओथेरपीत जे वापरतात ते सोपं केलेलं, पायऱ्या पाडलेलं रूप.

सूर्यनमस्कारी
तुम्ही वर जे ब्रिज म्हणालात ते सेतुबंधासनच झालं की हो. ओणवं होऊन पाठ गोल करणं म्हणजे मार्जारासन. आपल्याकडे हे सगळं असताना जर्मन माणसाच्या नावाने पैसे मोजायचे कशाला? मी पंचवीस वर्षं योगासनं करतोय, पाठीचा त्रास नाही.

गोदाकाठ
काका, तुमचं चालू आहे ते चालूच ठेवा, त्यात बदलण्यासारखं काही नाही. आणि हालचाली सारख्या आहेत हे तर खरंच आहे. पुराव्याचं बोलायचं तर २०१५ मध्ये कॉक्रेनवाल्यांनी (उपचारांचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) कंबरदुखीसाठी पिलाटेसच्या १० चाचण्या तपासल्या, त्यात ५१० लोक होते. निष्कर्ष असा की काहीच न करण्यापेक्षा किंवा नुसतं माहितीपत्रक देण्यापेक्षा पिलाटेसने वेदना कमी होतात, हालचाल सुधारते, पण दुसऱ्या व्यायामांपेक्षा ते सरस आहे असं ठामपणे म्हणता आलं नाही, शिवाय पुराव्याचा दर्जा कमी ते मध्यम. मग २०२१ मध्ये दोनशेहून जास्त चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या त्यात पिलाटेस वरच्या काही प्रकारांमध्ये आलं, मॅकेंझी ही कंबरदुखीसाठीची दुसरी व्यायामपद्धतही तिथेच होती. तेव्हा मी कोणालाही योग सोडून इकडे या म्हणत नाही.

फरक मला दिसतो तो आसनापर्यंत पोचायच्या वाटेत. नियमित योग करणाऱ्याला सेतुबंधासन येतंच, पण ज्याला कुशीवर वळताना चमक येते त्याला त्या आसनाचा पाव भाग, अर्धा भाग, श्वासासकट द्यावा लागतो आणि ती शिडी पिलाटेसमध्ये आयती बांधलेली मिळते. चांगला योगशिक्षकही तेच करतो.

हिंजवडी_फेज३
ताई माझा सरळ प्रश्न, वय ३४, दिवसभर लॅपटॉप, एमआरआयमध्ये एल फोर एल फाइव्ह डिस्क बल्ज आलंय (कमरेच्या खालच्या दोन मणक्यांमधली गादी बाहेर फुगलीय), ऑर्थोने ऑपरेशनची गरज नाही फिजिओ करा सांगितलं, बायको म्हणते रिफॉर्मर (ते स्प्रिंगवालं पिलाटेसचं मशीन) लाव, चौकशी केली तर महिन्याची फी ऐकून गप्प बसलो. मशीन लागतंच का? आणि बल्ज आहे म्हटल्यावर हे सगळं करायचं की नाही, कारण रिपोर्ट वाचल्यापासून मला वाकायचीच भीती वाटते खरं सांगायचं तर

गोदाकाठ
रिपोर्टचं आधी घेते. काहीही दुखत नसलेल्या लोकांचे स्कॅन काढून बघितलेत, विशीतल्या ३० टक्के लोकांत बल्ज सापडतो आणि ऐंशीच्या घरातल्या ८४ टक्के लोकांत. म्हणजे वयाबरोबर केस पिकतात तसं हेही बरंचसं असतं. तुमचं दुखणं खरं आहे, पण नुसता बल्ज हा शब्द वाचून कंबर मोडकळीला आलीय असं धरून चालू नका. पायात कळ जाते का, मुंग्या येतात का, पाऊल उचलताना अडखळतं का, हे तपासल्याशिवाय मी इथे तुम्हाला व्यायाम सांगणार नाही, ते समोर बसूनच व्हायला हवं.

मशीन लागत नाही. एक चटई आणि भिंत पुरते. रिफॉर्मर उपयोगी पडतं ते वेगळ्या ठिकाणी, म्हणजे गुडघ्याचं लिगामेंट ऑपरेशन झालंय, किंवा खुबा बदललाय, पायावर पूर्ण भार द्यायचा नाहीये, तेव्हा झोपून स्प्रिंग ढकलत पाय वाकवायचा-सरळ करायचा, भार आपल्या हातात राहतो. जिना चढताना कठड्याचा आधार असावा तशी ती स्प्रिंग असते, पुढे तो आधार कमी करत न्यायचा. एक गंमत अशी की काही व्यायामांत स्प्रिंग हलकी केली की काम सोपं न होता अवघड होतं, कारण आता तोल तुमचा तुम्हालाच सांभाळायचाय. म्हणून तिथे शिकवणारा माणूस जाणता लागतो. पण डेस्कवर बसून कंबर धरणाऱ्याला त्या फीची काही गरज नाही.

सई_न्यूजर्सी
सिझेरियन होऊन चार महिने झाले. पोट मधोमध उभं फुगल्यासारखं दिसतं उठताना, इथल्या डॉक्टरने डायस्टॅसिस, म्हणजे पोटाचे स्नायू मधोमध फाकलेत असं सांगितलंय, आणि खोकला आला की थोडी लघवी होते, हे लिहायला पण लाज वाटतेय. आई इथे आलीय ती म्हणते पोट बांध, शेक-शेगडी घे, व्यायाम सहा महिने नको. यूट्यूबवरचं पोस्टपार्टम पिलाटेस करू का?

गोदाकाठ
सई, लाज अजिबात नको, बाळंतपणानंतर हा त्रास खूप जणींना होतो आणि बऱ्याच जणी वर्षानुवर्षं सांगतच नाहीत. आईंना रागावू नका, बांधल्याने आधार वाटतो आणि सुरुवातीला काही दिवस ते ठीकच आहे, पण पट्ट्याने स्नायू कामाला लागत नाहीत. तुमची सहा आठवड्यांची तपासणी झाली असेल, टाका नीट असेल, तर चार महिन्यांना हळूहळू सुरू करायला हरकत नसावी, तरी डॉक्टरांना विचारा आणि तुमच्याकडे पेल्विक हेल्थ (ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवर काम करणारे) फिजिओथेरपिस्ट असतात त्यांचीच वेळ घ्या.

श्वास सोडताना खालचे स्नायू, म्हणजे लघवी रोखताना वापरतो ते, अलगद वर उचलायचे आणि बेंबीखालचं पोट हलकेच आत, श्वास घेताना पूर्ण सोडायचं. सोडणं तितकंच महत्त्वाचं. त्यावर मग टाच सरकवणं, ब्रिज, ओणव्यातले व्यायाम असं चढत जायचं. यूट्यूबवरच्या त्या शंभर मोजत मान उचलून हात हलवण्याच्या व्यायामाला, क्रंचला, दोन्ही पाय एकदम उचलण्याला आत्ता हात लावू नका, आणि कुठल्याही व्यायामात पोटाच्या मधोमध तो उंचवटा दिसला तर तो व्यायाम तुमच्यासाठी अजून जड आहे असं समजायचं. बाळाला पाळण्यातून उचलताना श्वास सोडत उचला, दिवसातून किती वेळा होतं ते, तिथेच खरा सराव होतो.

सई_न्यूजर्सी
खूप खूप आभार. वेळ घेतली पुढच्या आठवड्याची.

ठाणे_फिजिओ
मीही याच क्षेत्रातला. गोदाकाठताईंशी बहुतांश सहमत, पण दोन गोष्टी बोलायच्याच आहेत.

एक, "कोअर" (पोट-कमरेभोवतीचे आतले स्नायू) या शब्दाने लोकांचं बरंच नुकसान केलंय. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडला हॉजेस आणि रिचर्डसन या संशोधकांनी दाखवलं की निरोगी माणूस हात उचलायच्या आधी पोटाचा सगळ्यात आतला आडवा स्नायू चालू होतो आणि कंबरदुखीवाल्यांत तो उशिरा चालू होतो. अभ्यास उत्तम होता. पण त्यावरून दिवसभर पोट आत ओढून बसा असं सांगायची पद्धत पडली. पुढच्या अभ्यासांत दुखणं कमी होण्याचा आणि त्या स्नायूचं टायमिंग सुधारण्याचा फारसा मेळ बसला नाही. माझ्याकडे असे पेशंट येतात जे चोवीस तास पोट आवळून चालतात, त्यांना मी आधी सोडायला शिकवतो.

दुसरं, पिलाटेसवर थांबू नये. त्यात भार कमी असतो. पन्नाशीच्या माणसाला गॅस सिलेंडर सरकवायचाय, नातवंड उचलायचंय, त्याला पुढे वजनं उचलायला लावलीच पाहिजेत, चालायला लावलं पाहिजे.

गोदाकाठ
दोन्ही मान्य, पहिलं तर शंभर टक्के. मी "नाभी पाठीला चिकटवा" हे वाक्य वापरतच नाही. हलकं काम असेल तर हलकं आवळणं, जड काम असेल तर जास्त, आणि काम नसेल तर सैल, एवढं शरीराला आलं की झालं. पिलाटेस हे मी दार उघडण्यासाठी वापरते, पुढे डंबेल आणि चालणं येतंच. २०२३ च्या डिसेंबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शक सूचना काढल्या त्यातही व्यायामाच्या बाजूने शिफारस आहे, आणि ट्रॅक्शन, कमरेचे पट्टे, अल्ट्रासाउंडचा शेक हे नेहमीच्या उपचारात देऊ नये असं म्हटलंय. आपल्या ओपीडीत अजून उलटंच चाललंय याचं मला फार वाईट वाटतं, कारण पेशंट पैसे आणि महिने दोन्ही घालवतो.

मेघना_सांगली
माझ्या आईचं वय ६७, डेक्सामध्ये (हाडांची घनता मोजतात ती तपासणी) टी स्कोअर वजा २.९ आलाय. सोसायटीत एक मुलगी पिलाटेस क्लास घेते, आई आवडीने जाते, मैत्रिणी झाल्यात तिथे. त्यात पाठ गोल करून मागेपुढे लोळायचा एक प्रकार असतो आणि झोपेतून हात पुढे करत उठून बसायचं. चालेल ना?

गोदाकाठ
मेघना, ते दोन्ही आजपासून बंद करा. वजा २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाडं ठिसूळ आहेत, आणि पाठ गोल करून भार दिला की मणक्याच्या पुढच्या भागावर दाब येतो, तो चेपला जाऊ शकतो. १९८४ चा अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकचा एक जुना अभ्यास आम्ही अजूनही विद्यार्थ्यांना सांगतो. ऑस्टिओपोरोसिस असलेल्या ५९ बायका होत्या, त्यातल्या ज्यांना पुढे वाकण्याचे व्यायाम दिले त्यांच्यापैकी ८९ टक्के जणींत पुढे मणक्यांत नवी चेप दिसली, पाठ मागे ताणण्याचे व्यायाम दिलेल्यांत १६ टक्के. अभ्यास लहान आहे पण दोन गटांतला फरक बघा.

क्लास सोडायची मात्र गरज नाही, मैत्रिणी झाल्यात म्हणता ना, ते औषधाइतकंच आहे. त्या मुलीला रिपोर्ट दाखवा. पालथं झोपून छाती थोडी उचलणं, ब्रिज, ओणव्यातले प्रकार, भिंतीला टेकून उठबस, एका पायावर तोल, हे आईंना करता येईल. पाठ गोल करणं आणि जोराने पिळणं नको. खाली वाकताना पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाकायला शिकवा. आणि डॉक्टरांनी औषध दिलं असेल तर व्यायाम चालू आहे म्हणून ते बंद करू नका. वर मी कंबरदुखीवाल्यांना वाकायला लावते म्हटलंय आणि इथे नको म्हणतेय, हे उलटसुलट वाटेल, पण म्हणूनच आधी तपासणी, मग व्यायाम.

मेघना_सांगली
ती मुलगी ऐकेल का माहीत नाही, दोन दिवसांचा कोर्स करून आलीय असं कळलं. फिजिओ आहे की नाही कसं ओळखायचं?

ठाणे_फिजिओ
डिग्री विचारा, बीपीटीएच ही फिजिओथेरपीची पदवी असते, आणि महाराष्ट्रात कौन्सिलचा रजिस्ट्रेशन नंबर असतो, तो विचारण्यात गैर काही नाही. पिलाटेसचं सर्टिफिकेट त्याच्यावर असेल तर चांगलंच. निरोगी माणसाला चांगली इन्स्ट्रक्टर पुरते, काही जणी फार छान शिकवतात. आजार असेल तर आधी तपासणारा माणूस हवा.

वाटसरू_लातूर
वडील ५८, दोन महिने पाठ दुखतेय मधल्या भागात. झोपलं तरी दुखतं, रात्री जास्त. संध्याकाळी कणकण येते, पॅन्ट सैल झालीय. गावातल्या एकाने मालिश केली, फरक नाही. यातले श्वासाचे सोपे व्यायाम सुरू करू का घरी?

गोदाकाठ
नाही, कुठलाही व्यायाम नको आणि मालिश तर लगेच बंद. रात्री वाढणारी आणि पडूनही न थांबणारी पाठदुखी, कणकण, वजन उतरणं, हे तिन्ही एकत्र असेल तर मणक्याचा टीबी आहे का, दुसरं काही गंभीर आहे का हे आधी बघावंच लागतं. आपल्याकडे टीबी खूप आहे आणि वेळेत सापडला तर औषधांनी बरा होतो, उशीर झाला तर पायांची ताकद जाऊ शकते. याच आठवड्यात ऑर्थोपेडिककडे किंवा सिव्हिल हॉस्पिटलला न्या, रक्त आणि एमआरआयचं ते बघतील.

बाकीच्यांसाठीही लिहून ठेवते, लघवी किंवा संडासवरचा ताबा गेला, बसायच्या जागेला बधिरपणा आला, पाय अचानक लुळा पडायला लागला, तर अपॉइंटमेंटची वाट बघायची नाही, थेट कॅज्युअल्टी. पडल्यानंतर सुरू झालेली दुखी, पूर्वी कधी कॅन्सर झालेला असणं, यातही आधी डॉक्टर.

वाटसरू_लातूर
दाखवलं. एमआरआय सांगितलाय, उद्या आहे. लगेच उत्तर दिलंत म्हणून गेलो, नाहीतर अजून पंधरा दिवस असेच गेले असते.

कोथरूडकर_नि
काळजी घ्या, रिपोर्ट आला की कळवा.

हिंजवडी_फेज३
जाऊन आलो ताई इथल्या एका फिजिओकडे. तासभर तपासलं, नस वगैरे ठीक आहे म्हणाल्या. व्यायाम दिलेत चटईवरचे, ब्रिज, ओणवं, आणि ऑफिसात दर अर्ध्या तासाला उठायचं. चार दिवस केलं तर कंबर आधीपेक्षा जास्त भरून आलीय, बंद करू?

गोदाकाठ
वापरात नसलेले स्नायू वापरले की एक-दोन दिवस भरून येतंच. माझा ठोकताळा असा, व्यायामाने दुखणं थोडं वाढलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळ जागी आलं तर चालू ठेवा. चोवीस तासांनंतरही चढलेलं राहिलं तर व्यायाम अर्ध्यावर आणा, बंद नाही, अर्ध्यावर. पायात कळ खाली खाली उतरायला लागली तर मात्र थांबा आणि त्या मॅडमना फोन करा. आठवड्यातून दोन-तीन वेळा नीट, बाकी दिवशी चालणं, आणि फरकाचा हिशोब सहा ते आठ आठवड्यांनी करा. दुखतं किती यापेक्षा काय काय करता येतंय ते लिहून ठेवा, बुटाची लेस बांधता येते का, गाडीवर किती वेळ बसता येतं, असं.

सूर्यनमस्कारी
गादीवर केलं तर चालतं का? आमच्या सौ.ना जमिनीवर बसता-उठता येत नाही, गुडघे.

गोदाकाठ
मऊ गादीत कंबर रुतते काका, कळत नाही कुठे टेकली ते. दिवाण असेल तर त्यावर दुहेरी सतरंजी घालून करू दे त्यांना. तेही नसेल तर खुर्चीत बसून श्वास आणि कंबर पुढेमागे करणं, आणि खुर्चीतून हात न टेकता उठणं, पाच-पाच वेळा. गुडघ्यांसाठी ते उठणंच सगळ्यात उपयोगी आहे, खुर्ची उंच असली तर बरं, नाहीतर बसायच्या जागेवर उशी ठेवून उंच करा आणि जमेल तसतशी उशी काढा.